दाजींना खटकलेलं

रविवारी सकाळी फोन वाजला, तेव्हा नाव न बघताच मी म्हणालो, "बोला दाजी, आज काय खटकलं?" पलीकडून भाच्याचा आवाज आला, "मामा, अण्णा गेले..." वादासाठी कंबर कसून बसलेला मी तसाच बसून राहिलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, भाच्याचे अण्णा. मूळचे मोशीचे, चाकणच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. रविवारच्या या पुरवणीत मी घरगुती गमतीजमती लिहितो, हे आमच्या नात्यात फक्त त्यांनीच मनावर घेतलं होतं. फोन मात्र काही खुपलं तरच. एकदा कौतुकाच्या आशेनं मी लाजत लाजत विचारलं, की आवडलेल्या लेखाला फोन का नाही, तर म्हणाले, "चांगला पार्ट पुढं जातो, पाव्हणं. त्याला कोन थांबवतंय?" तेव्हापासून फोन न आलेला रविवार मी मनातल्या मनात साजरा करू लागलो.

मग एकदा मी लिहिलं, की म्हाताऱ्यांनी जुन्या घराची राखण सोडावी आणि मुलांकडं हसत राहायला जावं. त्या दुपारी फोनऐवजी दाजीच स्कूटरवरून पिंपळे गुरवला माझ्या घरी हजर. मुलगा त्यांना वाकडच्या फ्लॅटवर कायमचं बोलावत होता आणि हे काही केल्या मोशी सोडत नव्हते. पुरवणी माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "हे वाचून माझा नकार ढिला पडलाय. तुमाला मनापासून पटतंय का, का नुसती जागा भरली?"

मी चहाचं विचारलं. चहा आला, संपला... शेवटी म्हणालो, लिहिताना पटलं होतं, तुमच्याकडं बघून आता पटत नाही.

"मंग बरंय," ते चक्क हसले. "तुमाला बी ठावं न्हाई, मला बी न्हाई. दोघं मिळून इचार करू."

बराच वेळ विचार केला, आणि मग ध्यानात आलं, की अक्काला आम्ही दोघांनीही विचारलेलं नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलं. ती लगेच हो म्हणाली. दोघं वाकडला गेली, आणि फोन तिथून येऊ लागले.

हा लेख पाठवण्याआधी परवा अक्काला वाचून दाखवला. माझं लिखाण तिनं आजवर कधी ऐकून घेतलं नव्हतं. 'लगेच हो म्हणाली' इथं तिनं हातानंच मला थांबवलं.

"तसं न्हवतं. आदी मी रडले. एवढ्या वर्षांत पयल्यांदा कुनीतरी मला इचारलं म्हनून... मंग व्हय म्हनले. तेवढं नीट लिव्ह."