प्रियाची पाखरी

शहागडच्या राजानंदला घोड्यांचा नाद वडिलांपासूनचा. पाखरी नावाची त्याची घोडी लेकीच्या, प्रियाच्या हाताखालीच मोठी झाली. प्रिया बारा वर्षांची झाली, तशी दोघी यात्रांमधल्या घोड्यांच्या प्रदर्शनांत उतरू लागल्या.

लेकराला प्रदर्शनाला न्यायचं म्हणजे काय, हे आईला, प्रभावतीला, एव्हाना कळलं होतं. भल्या पहाटे टेम्पोत बसायचं, दिवसभर धुरळ्यात उभं राहायचं. पोरगी पडेल, हाड मोडेल, हरली तर रस्ताभर रडेल. या सगळ्याची तिनं मनाची तयारी केली होती.

त्या दिवशी मैदानावर प्रिया घोडीच्या पायाशीच बसून राहिली.

"पप्पा, पाखरी पुढचा पाय टेकवून न्हाई राह्यली."

राजानंदनं पाय दाबून पाहिला. "टेम्पोत अवघडला असंल. चालली की होईल बराबर."

"गरम लागून राह्यलाय पप्पा."

"आवं, पोरगी म्हणती तर ऐका ना," प्रभावती म्हणाली.

"तुला घोड्यातलं काय कळतंय?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता, घाई होती. भोंग्यावर नाव पुकारलं गेलं होतं.

प्रभावतीला घोड्यातलं कळत नव्हतं. लेकीचा चेहरा कळत होता. तरी ती गप्प बसली.

पाखरी अशी चालली की लोक उठून उभे राहिले. पहिला नंबर आला. राजानंदनं पोरीला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. प्रिया वरून एकसारखी घोडीकडेच बघत होती. टेम्पोच्या फळीवर चढताना पाखरी कोसळली.

पायाची नस तुटली होती. "दुखऱ्या पायावर पळवली का?" डॉक्टरनं विचारलं. राजानंदनं गोठ्यातच अंथरूण टाकलं, हातानं पाणी पाजलं, पाय शेकला. प्रिया मानेवरून हात फिरवत बसायची. तिनं बापाला एका शब्दानं बोल लावला नाही. रडलीही नाही. महिन्याच्या आतच पाखरी गेली.

पुढं राजानंदनं एक शिंगरू आणलं. प्रिया दारात आली, म्हणाली, "छान हाय पप्पा," आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली. तो दावं हातात धरून कितीतरी वेळ अंगणात तसाच उभा होता. चौथ्या दिवशी त्यानं शिंगरू परत केलं.

मागच्या आठवड्यात मायलेकी बाजारात गेल्या. भाजीवाली बाई प्रियाकडं निरखून बघत म्हणाली, "तूच ना गं ती, घोडीवाली पोरगी? जिचा पहिला नंबर आल्ता ती?"

"न्हाई मावशी," प्रिया हसून म्हणाली. "ती दुसरी कुणीतरी."

प्रभावतीनं पिशवी पुढं केली. मेथीची जुडी घेतली.