दुसरा घास

वहिनीच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. तिनं मोठ्या हौसेनं भाजलेल्या कांद्याचं सूप केलं. नणंदेनं पहिला चमचा तोंडात घातला आणि सगळ्या घरासमोर विचारलं, "वहिनी, हे करताना काय बिघडलं होतं ते सांग ना." झालं! वहिनीनं मनात म्हटलं, नणंद ती नणंदच. त्या दिवशी तिनं भांडी जरा जास्तच आवाज करत घासली. नणंदेला सुपाची कृती हवी होती आणि कृती मागायची तिची हीच रीत होती, हे कळायला वहिनीला पुढं बरेच महिने लागले.

या नणंदेला सगळे ताई म्हणत. घरचे, गल्लीतले आणि ती जिथं कामाला होती त्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यातलेही. ताई पुस्तकं शिवायची. छापून आलेले कागद घडी घालून, गठ्ठ्यावर गठ्ठा रचून सुईदोऱ्यानं टाचायचं काम. बोटांना चिरा आणि नखांत वाळलेली खळ. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेला चिकट लगदा, त्यानं पुस्तकाची पाठ चिकटवतात. ती शिजवायला कारखान्याच्या कोपऱ्यात एक शेगडी होती, आणि खळ उतरली की त्याच शेगडीवर ताई खायचं काहीतरी चढवायची. गुठळी होऊ न देता ढवळणं ती तिथंच शिकली. खायची भांडी वेगळी, खळीची वेगळी, हा नेम मात्र कडक होता. पुढं तो मोडला, पण ते नंतर.

जेवणाच्या सुट्टीत कागद कापायच्या यंत्राजवळचं लांब टेबल कपटे झाडून मोकळं व्हायचं. आठवड्यातून एकदा त्यावर कुणीतरी असं काही आणायचं, जे बाकीच्यांनी जन्मात खाल्लेलं नाही. टेबलाचे कायदे ताईचे. आणणाऱ्यानं पहिला घास स्वतः घ्यायचा. कृती मागेल त्याला द्यायची, पण आधी आपल्या हातून काय बिघडलं ते सांगून. "नीट झालेलं काय, कुणीही सांगेल," ताई म्हणायची, "बिघडलेलं सांगतो तो आपला." कृती नेणाऱ्यानं ती स्वतःच्या हातानं करून एक घास टेबलावर परत आणायचा. आणि तोंडभर कौतुकाला सक्त बंदी. पहिला घास म्हणजे मान ठेवणं झालं. दुसरा घेतलात तर आवडलं. भिडेखातर दुसरा घास घेणारा ताईला बरोबर ओळखू यायचा आणि मग त्याची खैर नसायची. ती स्वतः तर कुणाच्या बापाची भीड ठेवत नसे. मालकांच्या आईनं पाठवलेल्या पुडिंगला तिनं पहिल्या घासावरच हात जोडले होते, आणि मालक समोर उभे होते.

लग्न तिनं केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "जन्मभर एकाच घरचं कोण जेवणार?"

तिचा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, नेमका उलट्या टोकाचा. दादा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या कामाच्या ट्रेमध्ये इवल्या इवल्या वाट्या असत, प्रत्येक स्क्रूला, प्रत्येक चाकाला आपापली वाटी. जेवायलाही तसाच बसायचा. ताटात एक पदार्थ दुसऱ्याला टेकला की स्वारीचं बिनसलंच. नवीन पदार्थ समोर आला की अनोळखी पाहुण्याला दारात उभं करून चौकशी करावी तसा त्याच्याकडं बघायचा. बहिणीच्या टेबलाला तो नावं ठेवायचा. "जगाचं खरकटं गोळा करते," म्हणायचा. कारखाना त्याच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, पण इतक्या वर्षांत त्यानं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. टेबलावरच्या प्रत्येक नव्या पदार्थातली एक वाटी मात्र त्याच्या दुकानात पोचायची, आणि झाकणही न उघडता परत यायची.

मग दादाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, पण गिळणं अवघड होऊन बसलं. डॉक्टरांनी बजावलं की काही महिने चावायचं काहीही नको. पातळ पाण्यासारखंही नको, ठसका लागेल. मधाइतकं दाट आणि रेशमासारखं मऊ, तेवढंच चालेल. वहिनीनं कंबर कसली. भाज्या, डाळ, बटाटा सगळं एकत्र उकडायचं, वाटायचं, गाळायचं, पुन्हा वाटायचं. दादा दोन चमचे घ्यायचा आणि मान फिरवायचा. अंगावरचे शर्ट लोंबायला लागले. पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. दादानं तो शब्द ऐकला आणि त्या दिवसापासून तो दुकानात जायचाच थांबला. खिडकीशी बसून राहायचा. वहिनीचा जीव टांगणीला लागला. रागही यायचा तिला. इतकं राबायचं आणि माणसानं भिंतीकडं तोंड करायचं!

ताईनं हे ऐकून घेतलं. सल्ला दिला नाही, उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं चावणं बंद केलं.

"म्हणजे?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे तो खातो तसं खातेय. माझ्या तोंडाला कळल्याशिवाय त्याला काय भरवू?"

एवढ्यावर थांबेल ती ताई कसली! तिनं सगळ्या कारखान्याला कामाला लावलं. टेबलावर फर्मान निघालं: या आठवड्यात कुणी चावायचं नाही, डोळे मिटून खायचं, जिभेनं टाळूला लावून गिळायचं, आणि खरं बोलायचं. कागद कापायच्या यंत्रावरचे काका कुरकुरले. "ताई, दात आहेत तोवर वापरू द्या की!" पण चमचा पहिला त्यांनीच उचलला.

वहिनी आपल्या हातचं वाटण डब्यात घेऊन तिथं गेली तो दिवस ती कधी विसरली नाही. ताईच्या आत्तापर्यंतच्या प्रयोगांशी ते ताडून बघायचं होतं. टेबलावर वाट्या मांडलेल्या, सगळ्यांत तोच पांढुरका दाट लगदा. एकीत वहिनीचा, बाकीच्यांत ताईचे. खळीचा जोखतात तसाच ताई याचाही दाटपणा जोखायची, चमचा वर धरला की सावकाश पट्टीसारखा खाली उतरला पाहिजे. सगळ्यांनी डोळे मिटले. काकांनी चाचपडत जवळची वाटी ओढली, एक चमचा घेतला. मग आणखी एक घेतला.

"यातल्या यात हे बरं आहे," काका डोळे न उघडता म्हणाले. "मीठ जरा कमी."

शिवणकामातल्या एका बाईनं डोळे उघडले आणि ती किंचाळलीच. काकांनी मघाशी एका जाडजूड पुस्तकाची पाठ लावायला थोडी खळ घेतली होती. ब्रश बाजूला ठेवला आणि वाटी तशीच टेबलाच्या कडेला. ती खायच्या वाट्यांतली होती. तीच वाटी आता काकांच्या हातात होती. नशीब, किडा लागू नये म्हणून घालतात ते औषध अजून पडायचं होतं.

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. काका चुळा भरत होते आणि मध्येच म्हणत होते, "पण वाईट नव्हती हो!" वहिनीही हसली. पोट धरून हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं.

"मी त्यांना महिनाभर हेच भरवतेय," ती म्हणाली. "खळ. आणि वर ओरडतेय की खात का नाही."

एकटी ताई हसली नव्हती. काकांनी टाकलेली वाटी हातात घेऊन ती बघत उभी होती. "माझंही तेच झालंय," ती म्हणाली. "दाट बघितलं, मऊ बघितलं. त्याचं जेवण कुठं बघितलं? वहिनी, रडू नकोस. मला सांग, त्याला ताटात काय चालत नाही?"

"काय चालतं ते विचारा, तेच सोपं," वहिनीनं नाक पुसत म्हटलं. "एकाला एक लागलेलं तर मुळीच..." आणि ती बोलता बोलता थांबली. घड्याळाच्या ट्रेमधल्या वाट्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. ज्या माणसानं आयुष्यात दोन पदार्थ एकमेकांना टेकू दिले नाहीत, त्याला ती महिनाभर सगळं एकत्र वाटून घालत होती.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

दोन दिवस वहिनीच्या स्वयंपाकघरात धुमश्चक्री चालली. भोपळा लसणीबरोबर भाजून वेगळा वाटला. बीट उकडून, लिंबू पिळून वेगळं. वाटाणे पुदिन्याबरोबर. सफरचंद मंद आचेवर, नुसतं. कांदा अगदी तपकिरी होईपर्यंत भाजून, वहिनीच्या त्या जुन्या सुपासारखा. तो ताईनंच सुचवला. पहिला भोपळा पिठूळ झाला, बिटाला मातकट वास आला, वाटाण्यांची सालं चाळणीत अडकून बसली. ताई प्रत्येक बिघाडावर खूश. "हे बघ, आता सांगायला काहीतरी झालं!" वहिनीला एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा वाटलं, की ही बाई स्वयंपाक करत नाही, धीर वाटत फिरते. आणि तिनं ते तोंडावर सांगूनही टाकलं. ताई लाजली. तिला लाजताना वहिनीनं त्याआधी पाहिलं नव्हतं.

दादासमोर घड्याळाच्या ट्रेसारखा एक ट्रे आला. त्यात छोट्या वाट्या, प्रत्येकीत वेगळा रंग, कुणाचा कुणाला स्पर्श नाही.

"काय हे?" त्याचा आवाज अजून घोगरा होता. "रंगपेटी?"

कायद्याप्रमाणे प्रत्येक वाटीतला पहिला घास ताईनं स्वतः घेतला, न चावता. दादा ते बघत राहिला. मग त्यानं भोपळ्याचा चमचा उचलला, तोंडात धरला, गिळला. बिटाला तो जन्मभर शाई म्हणत आला होता. त्याचाही एक घेतला. वाटाण्याचा घेतला आणि ती वाटी बोटानं दूर सारली. नाक असं मुरडलं, की वहिनी ट्रे उचलायला पुढं झाली.

ताईनं मात्र टाळी वाजवली. "नाक मुरडलं! बघ, वहिनी, नाक मुरडलं यानं! आता हा बरा होतो."

खरंच होतं ते. महिनाभर तो सगळ्यालाच सारखी पाठ फिरवत होता. आज त्यानं निवड केली होती. चमचा पुन्हा भोपळ्याकडं वळला. दुसरा घास. वहिनीनं पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं, आणि तिसऱ्याला सोडलं.

वाटी रिकामी झाल्यावर दादा म्हणाला, "कसं केलंस हे?"

जन्मात कधी कृती न विचारलेला माणूस! पण कायदा तो कायदा. ताईनं आधी बिघडलेलं सांगितलं: पिठूळ भोपळा, सालं, आणि शेवटी काकांची खळ, हातवारे करून, "मीठ जरा कमी" सकट. दादा हसला. घोगरं, अडखळत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. वहिनी घाबरून पाणी आणायला धावली आणि पाणी द्यायचं नाही हे आठवून अर्ध्या वाटेवरून परत आली.

"कृती घेतलीस," ताई निघताना म्हणाली, "आता करून आणायची."

दादानं हातानंच तिला उडवून लावलं.

तपासणीला वजन थोडं वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही. दादा दुकानात जाऊ लागला. वहिनीला वाटलं, एवढ्यावर गोष्ट संपली.

मग एके दिवशी सकाळी तिच्या स्वयंपाकघरातून धूर आला. ती धावली, तर दादानं दार आतून लावून घेतलेलं. "येऊ नकोस," तो ओरडला. दुपारी त्यानं एक झाकणाची वाटी उचलली आणि म्हणाला, "चल." हाकेच्या अंतरावरचा तो रस्ता चालायला त्याला बराच वेळ लागला. कारखान्याच्या दारात तो थबकला. आत टेबल झाडून ठेवलेलं, सगळे बसलेले. ताईच्या हातातली सुई तिथंच थांबली.

"या, दादा," काका म्हणाले. "यात खळ नाही ना?"

दादानं वाटी टेबलावर ठेवली, झाकण काढलं. भोपळा होता, पण रंग जरा काळपटच. "आधी बिघडलेलं सांगतो," तो म्हणाला. "करपला. करपलेला भाग काढून टाकायला हवा होता, मी तसाच वाटला." मग घसा खाकरून, कुणाकडंच न बघता म्हणाला, "आणि या टेबलावर यायला फार वर्षं लावली. तीही चूकच."

दादानं पहिला घास स्वतः घेतला, आणि त्याचं तोंडच सांगत होतं. चमचे पुढं झाले. वहिनीनंही घेतला. कडू होता, खोटं कशाला बोलायचं.

ताईनं आपला घास जिभेवर धरला आणि सवयीनं, न चावता गिळला. दादा तिच्या हाताकडं बघत होता. टेबलाचा कायदा त्याला माहीत होता, आणि ताई कुणाची भीड ठेवत नाही हेही.

ताईनं डोळे पुसले आणि दुसरा घास घेतला.