त्रिपुराहून आलेली पत्रं

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या बायकोला बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदली. ती केंद्र सरकारच्या एका कचेरीत होती. बदलीचं गाव आगरतळा. ते कुठे आलं हेही मला धड माहीत नव्हतं. मी नकाशात बंगालवर बोट ठेवलं तर ती म्हणाली, अजून पुढे, बांगलादेशाच्या पलीकडे. बढती नाकारली असती तर पुन्हा कधी आली असती कुणास ठाऊक. मीच म्हटलं, जा, दोन-अडीच वर्षांचा तर प्रश्न आहे. असा मोठ्या मनाचा नवरा झाल्याबद्दल मी चार दिवस स्वतःवरच खूश होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, आणि भांडुपच्या आमच्या मजल्यावरून नोकरीसाठी एकटी परराज्यात गेलेली ती पहिलीच बाई.

मजला म्हणजे एका लांब गॅलरीवरच्या अकरा खोल्या. बहुतेक सगळे कोकणातले. वडील गिरणीत आणि मुलगे आग्रा रोडवरच्या कारखान्यांत. मीही त्यातलाच, एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचो. घरी आता मी आणि आई. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

ती गेली आणि लोकांचे प्रश्न सुरू झाले. बायको कुठे गेली हा पहिला. त्रिपुराला, असं सांगितलं की समोरचा जरा थांबायचा. ते आपल्यातच येतं ना, असं कारखान्याच्या कँटीनमध्ये एकानं मला खरोखर विचारलं होतं. मग तिसरा प्रश्न ठरलेला, तिथे बघण्यासारखं काय आहे? खरं तर त्यांना विचारायचं असायचं की हिला का पाठवलीस, तुमचं बरं चाललंय ना. ते विचारता येत नाही म्हणून माणसं प्रेक्षणीय स्थळं विचारतात. माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं.

तिचं पहिलं पत्र तीन आठवड्यांनी आलं. आमच्या मजल्यावर पत्र एकट्यानं वाचायची पद्धत नव्हती. म्हाताऱ्यांपैकी अर्ध्यांना वाचता येत नव्हतं, आणि गावाहून आलेलं पत्र म्हणजे सगळ्यांची खबरबात, म्हणून ते संध्याकाळी गॅलरीत मोठ्यानं वाचलं जायचं. आत नेऊन गुपचूप वाचणाऱ्याच्या घरी काहीतरी शिजतंय असं समजत. आईनं गॅलरीत स्टूल टाकलं, मला बसवलं आणि म्हणाली, "मोठ्यान वाच, आमका पन ऐकांदे."

मी वाचायला सुरुवात केली. तिनं लिहिलं होतं की खोली पत्र्याची आहे, घरमालकीण चांगली आहे पण तिचं बोलणं कळत नाही. इथे दिवस फार लवकर मावळतो. कचेरीतून येईपर्यंत अंधार पडलेला असतो आणि मग उरलेल्या संध्याकाळचं काय करायचं ते समजत नाही. काल भात पातेल्यात तसाच ठेवून बसून राहिले. इथवर आलो आणि पुढची ओळ डोळ्यांनी आधीच वाचली गेली. ती मोठ्यानं वाचण्यासारखी नव्हती. मी अडखळलो, दोन ओळी गाळल्या आणि एकदम आईंना नमस्कार यावर आलो. गाळलेलं सगळ्यांना कळलं. बाजूच्या खोलीतली काकी पदराआड हसली. आई म्हणाली, "करमना नाय तर गेली कित्याक?"

मला राग आला. आईचा नाही, काकीचाही नाही, बायकोचा आला. चार माणसांत आपलं हसं केलं असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी कारखान्यात बसून उत्तर लिहिलं. त्यातली वाक्यं मला आजही पाठ आहेत, कारण नंतर ती फार वेळा आठवावी लागली. मी लिहिलं होतं, पत्र सगळ्यांसमोर वाचायचं असतं हे तुला माहीत आहे. रडगाणं लिहीत जाऊ नकोस. तिथे बघण्यासारखं काय काय आहे ते लिही, इथे सगळे विचारतात.

त्यानंतर तिची पत्रं बदलली. दर आठवड्याला एक अंतर्देशीय यायचं, आणि काय एकेक पत्र. तिथल्याच उदयपूर नावाच्या गावाजवळच्या देवीच्या देवळामागचा तलाव, त्यातली पाटाएवढी कासवं आणि त्यांना मुरमुरे घालणारे भाविक. जांपुईच्या डोंगरावरच्या संत्र्याच्या बागा. राजवाड्यासमोरची दोन तळी. तळ्याच्या मधोमध उभा असलेला लाल-पांढरा नीरमहाल, जिथे होडीनंच जावं लागतं. आणि उनकोटी. जंगलातल्या कड्यावर कोरलेलं शंकराचं तोंड, दोन मजल्यांहून उंच, आणि आजूबाजूला एक कोटीला एक कमी इतके देव. शंकर सगळ्या देवांना घेऊन काशीला निघाला होता. रात्री तिथे मुक्काम केला आणि सांगितलं, पहाटेच्या आत उठायचं. सकाळी उठला तो एकटाच. मग बाकीच्यांना दगड व्हा असा शाप देऊन तो पुढे गेला.

ही गोष्ट मजल्यावर भयंकर आवडली. आईनं ती मला तीनदा वाचायला लावली. पलीकडच्या खोलीतला माझा मित्र, कारखान्यातही माझ्याबरोबरच असायचा, तो म्हणाला, "म्हणजे वहिनी वेळेवर उठली, आणि तू राहिलास इथे दगड होऊन." सगळे हसले, मीही हसलो. खोलीत गेल्यावर मात्र हसू टिकलं नाही.

गुरुवारी किंवा शुक्रवारी पत्र यायचं, आणि आठवड्यातली ती एक संध्याकाळ माझी असायची. लोक मुलांना अभ्यासाला बसवून गॅलरीत जमायचे. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडात टीव्ही होता, त्यांनीही पत्रासाठी तो बंद केल्याचं मला आठवतं. मी झकास वाचायचो, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं जमायला लागलं होतं. त्या अर्ध्या तासात ती माझ्या शेजारी बसलीय असं वाटायचं. मग माणसं उठून जेवायला जायची, आई ताट वाढायची, आणि मी पत्र पुन्हा उघडायचो. चारी बाजू उलटसुलट करून बघायचो, चिकटवायची पट्टीसुद्धा. माझ्यासाठी म्हणून एखादी ओळ कुठे कोपऱ्यात आहे का? नसायची. आईंना नमस्कार, सर्वांना विचारलं म्हणून सांगा, एवढंच. तिला एका शब्दानं माझी आठवण येऊ नये याचं मला फार लागायचं. तशी ओळ आपणच बंद केली होती हे त्या वेळी माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आई आठला आडवी व्हायची. मी गॅलरीत उभा राहायचो, किंवा चालत कांजूरपर्यंत जाऊन यायचो, उगाच. घरात दोन माणसं असून घर इतकं रिकामं असू शकतं हे मला आधी माहीत नव्हतं. तिला असं काही लिहावं म्हणून दोनदा कागद घेतला होता. पण काय लिहायचं? पुरुष माणसानं करमत नाही असं लिहायचं? मग पुन्हा तेच लिहायचो, नीरमहालाचं नीट कळलं नाही, सविस्तर लिही, लोकांना फार आवडतंय.

तिनं सविस्तर लिहिलं. ते पत्र मात्र वाचायला जड गेलं. अक्षर वेडंवाकडं, ओळी खाली घसरलेल्या. ऐन रंगात आलेलं वाचन मला दोन-तीनदा थांबवावं लागलं. मी कळवलं, अक्षर जरा नीट काढत जा, वाचताना अडखळायला होतं.

मधे एकदा ती दहा दिवसांची रजा काढून आली, ती गणपतीला. आम्ही थेट गावी गेलो. घरात तीस माणसं, ती दिवसभर चुलीपाशी आणि मी आरतीत. एकांत असा मिळालाच नाही. तिथेही सगळ्यांनी तिला त्रिपुराचंच विचारलं आणि उत्तरं मी दिली. एव्हाना मला सगळं इतकं पाठ झालं होतं की आपण ते बघून आलोय असंच वाटायचं. ती बाजूला उभी राहून ऐकायची. वाळली होती जरा. आई म्हणाली, तिकडचं पाणी.

अडीच वर्षांनी बदली होऊन ती कायमची परत आली. डिसेंबर असावा. पहिल्याच रविवारी आई बहिणीकडे मुलुंडला गेली होती. दुपारी ती कपडे वाळत घालत होती आणि मी तिची ट्रंक रिकामी करत होतो. तळाशी एक पुस्तिका मिळाली, त्रिपुरातल्या प्रेक्षणीय स्थळांची, इंग्रजीतली. पहिल्या पानावर तळ्यातला महाल. चाळायला लागलो तर परिच्छेदापरिच्छेदासमोर पेन्सिलीनं बारीक तारखा घातलेल्या. कासवांसमोर एक, संत्र्यांसमोर एक. उनकोटीच्या गोष्टीखाली रेघ.

मला वाटलं, ती तिथे गेल्याच्या तारखा असतील. तसं मी विचारलं.

ती ओले हात पुसत आत आली. तिनं पुस्तिकेकडे बघितलं. मग म्हणाली, त्या पत्रांच्या तारखा आहेत. कुठलं लिहून झालं ते विसरायला नको, तेच पुन्हा गेलं असतं तर तुमच्या लक्षात आलं असतं.

"म्हणजे तू यातलं काहीच पाहिलं नाहीस?"

"गावातला राजवाडा तेवढा पाहिलाय. कचेरीच्या वाटेवर होता."

रविवारी काय करायचीस मग, असं मी विचारलं. अडीच वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली, कपडे धुवायचे, आणि मग तुम्हाला पत्र लिहायला बसायचे. पुस्तिका कचेरीतल्या एका बाईंची होती, त्यांनी देऊन टाकली. बाहेर कुठे जायचं म्हणजे दिवसभराचा प्रवास, सोबत कुणी नाही, आणि त्या काळात तिकडे वातावरणही चांगलं नव्हतं. हे सगळं ती कुणाचं तरी दुसऱ्याचं सांगावं तसं सांगत होती. मी पान उलटलं आणि नीरमहालासमोरची तारीख तिला दाखवली. हे पत्र खराब अक्षरात होतं, असं काहीतरी बोललो. बोलायला नको होतं.

"तेव्हा मलेरिया झाला होता. पंधरा दिवस उठवत नव्हतं. घरमालकीण पाठीला उशी लावून बसवायची तेवढ्यापुरतं लिहायचे."

मग का लिहिलंस, असं मी कसंबसं विचारलं.

ती म्हणाली, "तुम्ही पत्रात तेवढंच विचारायचात. ते लिहिणं बंद केलं असतं तर तुम्ही मला काय लिहिलं असतं?"

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं पुस्तिका माझ्या हातातून घेतली, ट्रंकेत परत ठेवली आणि उरलेले कपडे वाळत घालायला बाहेर गेली. त्यानंतर मी पुष्कळदा विचारलं, ताप किती होता, खायला काय मिळायचं, पहिल्या पत्रातल्या ज्या दोन ओळी मी गाळल्या त्यांच्या पुढे काय लिहायचं होतं. ती सरळ उत्तरं द्यायची, पण विचारलं तेवढंच.

महिन्याभरात संक्रांत आली. मजल्यावरच्या बायकांचं हळदीकुंकू आमच्याच खोलीत ठरलं, आणि काकीनं सगळ्यांच्या वतीनं फर्मान काढलं की या वेळी वहिनींच्या तोंडून त्रिपुरा ऐकायचं. आईनं हो म्हणून टाकलं होतं. मी बायकोला म्हटलं, नको सांगू, मी सांगतो सगळ्यांना की ते खोटं होतं, चूक माझी होती. ती म्हणाली, "राहू दे. आईंना काय वाटेल? आणि तुम्हाला कारखान्यात तोंड दाखवायचंय."

त्या संध्याकाळी बायकांनी खोली भरून गेली होती. मी बाहेर गॅलरीत, दाराच्या बाजूला उभा होतो. तिनं नीरमहाल सांगितला. माझ्यासारखा आवाज चढवून-उतरवून नाही, साधासाच. होडी, तळ्यावरचं धुकं, लाल भिंतींचं पाण्यातलं प्रतिबिंब. धुकं पुस्तिकेत नव्हतं, तिनं घातलं होतं. आई मधून मधून हुंकार देत होती. मग कुणीतरी विचारलं, एकटीच गेली होतीस, भीती नाही वाटली?

मी दाराच्या आणखी जवळ सरकलो.

"वाटली ना," ती म्हणाली. "रोज वाटायची."

बायकांनी च्च केलं, आणि लगेच कुणीतरी होडीला किती वल्ही असतात ते विचारलं. तिनं तेही सांगितलं. मला वाटलं, आत जावं, त्या सगळ्यांमधून वाट काढून तिच्या शेजारी बसावं आणि पुढचं कुणालाही विचारू देऊ नये. पण हळदीकुंकवाच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. आई काय म्हणेल, काकी काय म्हणेल, सगळा मजला बघेल. मी दाराबाहेरच उभा राहिलो.