समोर बघणारा फोटो

नव्वदच्या दशकात मी जुन्नर-आंबेगावात मोटारसायकलवरून फोटो काढत हिंडायचो. माझी लेन्स अशी दांडगी, की पिंपळवंडीत उभं राहून लेण्याद्रीच्या माकडाच्या अंगावरची ऊ टिपावी. नियम एकच: माणसाला कळता कामा नये. कळलं की तो छाती फुगवतो आणि फोटोत नुसतं लाकूड येतं.

लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर एक म्हातारा डोलीवाला भेटला. तीन मणांची भक्तीण वर गणपतीपर्यंत पोचवून तो खाली येऊन टेकला होता. तीन मण म्हणजे तीनच. माकडं साक्षीला आहेत. घाम पुसत, उघड्या डोक्यानं तो दूर कुठंतरी बघत होता. मी खटाखट तीन फोटो घेतले. मग त्याला चाहूल लागली.

"ओ भाऊ, थांबा की राव! टोपी घालू द्या. समोरून एक नीट काढा. घरात माझा एक बी फोटो न्हाई."

"रोल संपला, बाबा."

रोलमध्ये अजून वीस फोटो निघाले असते. लाकडासाठी कोण खर्ची घालणार?

"मग फुडल्या खेपंला काढा," तो म्हणाला.

पुण्यात प्रदर्शनात तो फोटो लागला. लोक म्हणाले, काय सहज आहे! एक बाई तर त्याच्यासमोर रडल्या. त्यांना सर्दी झाली होती असं काही जळकी माणसं सांगतात.

वर्षभरानं मी मोठी प्रत कागदात गुंडाळून लेण्याद्रीला गेलो. बाकीचे डोलीवाले म्हणाले, म्हातारा गेला, आज आठवा दिवस. मी घर गाठलं. आतून त्याची बायको आली, मागोमाग मुलगा. बाबांचा फोटो आणलाय म्हणालो.

"देवावानी आला, भाऊ. परवा दहाव्याला ठिवायला फोटो न्हाई," म्हातारी म्हणाली.

तिनं कागद सोडला, फोटो भिंतीशी उभा केला आणि समोर बसली. मग थोडी डावीकडे सरकली. आणखी सरकली. पार कोपऱ्यात गेली, तरी नवऱ्याची नजर काही तिला सापडेना.

"मालक कुनीकडं बघत्यात ह्ये?"

"सहज बसले होते, तेव्हाचा आहे."

"मग हात कुनाला जोडायचं?"

"समोरचा असंल की एखादा," मुलगा म्हणाला. "तुमी तर लई काढता."

हजार थापा मारल्यात मी आयुष्यात, आणि एकही दुसऱ्यांदा वापरलेली नाही. तेवढी मात्र वापरली. "रोल संपला होता."

"व्हय, सांगितलं व्हतं त्यांनी," ती म्हणाली. "टोपी धुऊन लई वाट बगितली तुमची."

तिनं फोटो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तुमीच ठेवा. तुमाला आवडलाय."

दहाव्याला मी गेलो, लांब उभा राहिलो. मुलानं मतदान कार्डावरचा नखाएवढा फोटो जुन्नरच्या स्टुडिओतून मोठा करून आणला होता. सरकारी माणसानं अर्ध्या मिनिटात उरकलेलं काम: एक कान कापलेला, चेहरा काळपट, डोळे वटारलेले. माझ्या हातून असा फोटो निघाला असता, तर मी फाडून टाकला असता.

म्हातारी त्याच्यापुढं बसली. तिला कुठंही सरकावं लागलं नाही.