एकदाच बटण दाबणारे थुआतकाका

व्हिएतनाममधल्या हुए शहरात, बाजारामागे थुआतकाका म्हाताऱ्यांचे फोटो काढतात, मेल्यावर पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवायचे. आता हातात डिजिटल कॅमेरा आहे, पण फिल्मच्या सवयीनं काका अजून एकदाच बटण दाबतात.

माझ्या आजीला धास्ती होती, "फोटो बिघडला आणि वर गेल्यावर माझ्या म्हाताऱ्यानं मला ओळखलं नाही तर?" मी मोबाइलवर काढलेल्या शंभर फोटोंत ती भेदरलेलीच होती.

शेवटी मी तिला काकांकडे नेलं, तर ते तिच्यासोबत चहा पीत बसले.

"काका, दाबा की भराभर! फिल्म थोडीच संपतेय?"

"जेवतोसही असाच बकाबका?" मग आजीकडे वळून म्हणाले, "मावशी, तुम्हाला बघायला येताना तुमचे यजमान सायकलवरून पडले होते म्हणे?"

आजी खुदकन हसली. काकांनी बटण दाबलं.

स्क्रीन बघून मी थक्क झालो. आमची रोजची आजी जशीच्या तशी हसत होती.

"ओळखेल म्हातारा," आजी म्हणाली. "उलट मलाच विचारेल, इतका उशीर का लावलास?"