शेवटच्या रांगेत काय ऐकू येतं

नवनाथला कीबोर्डबद्दल काही विचारू नये. विचारलंत तर समोरचा चहा गार झालाच म्हणून समजा. अंबडच्या कारखान्यात तो आठ तास मशीनवर उभा असतो, पण त्याचा खरा जीव एकलहऱ्याच्या बाजूच्या भीमगीतांच्या पार्टीत. गाणाऱ्या लताबाई, कोरसला त्यांची सून राखी, आणि कीबोर्डवर हा. त्याला पार्टीत आणलं लताबाईंनीच; तो त्यांना मावशी म्हणतो. वडील वाजवू देईनात, तेव्हा त्या स्वतः दारात जाऊन म्हणाल्या होत्या, "पोरगं मला द्या. बिघडलं तर खापर माझ्या डोक्यावर फोडा." त्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली.

यंदा लताबाईंना न्यूमोनिया झाला. बऱ्या झाल्या, पण दम पुरेना. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "विहाराच्या वर्धापनदिनाला गाते. शेवटच्या रांगेतल्या बाईला माझे शब्द कळले नाय, तर तिथून पुढं माईक राखीचा. उगा लोकांनी मान राखून ऐकावं, असं मला नको."

नवनाथ त्या रात्री कीबोर्ड पुढ्यात घेऊन बसला. त्याच्याकडे होता तो जुना ॲरेंजर कीबोर्ड. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ढोलकी, बेस सगळं आपोआप चालू होतं. सोय मोठी, पण आवाज बेताचा. रविराज नावाचा त्याचा दोस्त स्टुडिओत वाजवतो. त्याने आपलं वर्कस्टेशन, म्हणजे स्टुडिओतला भारी कीबोर्ड, महिनाभर वापरायला दिलं. नवनाथने दोन्ही शेजारी मांडले, हेडफोन लावले आणि एकच पट्टी दोन्हींवर दाबून पाहिली. ॲरेंजरचा पियानो टण्णकन वाजून मिटायचा. वर्कस्टेशनचा स्वर सावकाश विरत जायचा. व्हायोलिनं तर अशी, की गज तारेवर घासताना ऐकू यावा. गडी हरखला. मावशींचा आवाज बारीक झालाय ना, मग त्याला या भरदार सुरांचा टेकू देऊ, असं त्याने ठरवलं. डाव्या हातासोबत चालणारी ढोलकी त्यात मिळेना, म्हणून कडवी मोजून प्रत्येक गाण्याचा ट्रॅक भरून ठेवला.

लताबाईंची एक जुनी खोड आहे. कार्यक्रमाआधी माईकवर दुसऱ्या कुणाला तरी उभं करायचं आणि आपण शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं. वर्धापनदिनाच्या सकाळी विहाराच्या पत्र्याच्या हॉलमध्ये त्यांनी राखीला हळू आवाजात गायला लावलं. नवनाथने ट्रॅक सोडला, वर व्हायोलिनं उघडली. हॉल भरून गेला. समितीचे जयराम काका सतरंजी टाकायची थांबवून बघत राहिले.

"लय भारी वाजतंय," लताबाई मागून म्हणाल्या. "पण राखी काय म्हणली, ते काय कळलं नाय. आता तुझं जुनं लाव."

"मावशी, त्याचा आवाज पत्र्यासारखा आहे."

"वर पण पत्राच हाय. लाव तू."

लावला. तेच गाणं, तीच राखी. नवनाथने वाजवता वाजवता कान दिला, तेव्हा त्यालाही कळलं. हेडफोनमध्ये दोन कानांत छान पसरलेला वर्कस्टेशनचा आवाज इथे एकाच वायरीतून सगळ्या स्पीकरांत कोंबला जात होता, आणि त्याची लाडकी व्हायोलिनं नेमकी गळ्याच्याच जागेवर बसत होती. टेकू द्यायला गेला आणि मावशींच्या तोंडावर उशी ठेवून बसला होता. ॲरेंजरचा किरटा आवाज बाजूला राहायचा. शब्द मोकळे जायचे. महिनाभराची मेहनत गुंडाळून ठेवताना त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही.

अकरा वाजता कार्यक्रम सुरू झाला. दोन गाणी नीट झाली. तिसऱ्याच्या मधल्या कडव्यात लताबाईंचा दम तुटला. माईकचा दांडा धरून त्या श्वास गोळा करत उभ्या राहिल्या. राखी घाबरून पुढे झाली, नवनाथने मानेनेच तिला थांबवलं. त्याने डावा हात उचलला नाही. धरलेली कॉर्ड तशीच, ढोलकी फिरत राहिली. उजव्या हाताने तो चार स्वरांची हरकत घोळवत होता आणि डोळे लताबाईंच्या खांद्यांवर होते. एक आवर्तन, दोन, चार. भरून ठेवलेला ट्रॅक असता तर एव्हाना त्यांना मागे टाकून पुढच्या कडव्यावर गेला असता. लोकांना वाटलं गाण्यातलाच तुकडा आहे. ते टाळ्यांनी ठेका धरू लागले. श्वास भरून खांदे वर आले, लताबाईंनी हात उचलला आणि कडवं उचललं. मग शेवटपर्यंत गायल्या.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतली एक म्हातारी येऊन लताबाईंचे हात धरून रडली, गाण्यातले शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवत. कीबोर्डबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. नवनाथला त्याचाच आनंद झाला, हे त्याचं त्यालाच नवल.

जयराम काका चाचरत जवळ आले. "ताई, पुढच्या महिन्यात आमच्या भाच्याकडं सायखेड्याला कार्यक्रम हाय. राखीला पाठवाल का?"

लताबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "राखी येईल," त्या नवनाथकडे बोट करत म्हणाल्या. "अन् तिच्यासंगं मी बी येईन. हा माझ्यासाठी थांबतो."

वायर गुंडाळायचं निमित्त करून नवनाथ खाली बसला. या बाईचे उपकार कसे फेडायचे, हे त्याला बावीस वर्षांत उमगलं नव्हतं, आणि आज तीच सगळ्यांसमोर त्याचे उपकार मानत होती.