आवक नोंदवहीतली सोयरीक

नऊ डिसेंबर, मंगळवार. कार्यालयाच्या मेलमध्ये सहा महिन्यांत आलेलं सगळं टपाल छापायचं, त्यातलं सरकारी कोणतं आणि खाजगी कोणतं ते वेगळं करायचं आणि दुपारी तीनला अर्जदारासमोर ठेवायचं, एवढं काम हातात होतं. धुळ्यातल्या आमच्या छोट्या महसूल कार्यालयात मी अधीक्षक आहे आणि माहिती अधिकाराचे अर्जही माझ्याकडेच येतात.

अर्जदार म्हणजे एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक. कार्यालयात सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्या शेताकडे जाणारा रस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकला होता. त्याबद्दल त्यांनी तीनदा मेल केला आणि उत्तर एकदाही गेलं नाही. म्हणून त्यांनी सहा महिन्यांचे सगळे मेल आणि मूळ आवक नोंदवही बघायला मागितली. हक्काची मागणी होती, मी तारीख दिली.

सकाळी दहाला छापायला बसले आणि अकराला कपाळाला हात लावला. आमच्याकडे चालणारा प्रिंटर एकच आहे, आणि तो कार्यालयाचा मेल उघडतो त्याच संगणकाला जोडलेला. त्यामुळे कुणाला काहीही छापायचं असलं की ते कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवायचं, ही आमची जुनी रीत. मुलांची परीक्षेची प्रवेशपत्रं, रेल्वेची तिकिटं, लाइटची बिलं, शेतातल्या भरीत पार्टीला कोण कळण्याची भाकरी आणणार त्याची यादी. दुसऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. अकरा मेल माझेच निघाले, त्यात गुडघ्याच्या एक्स-रेचा अहवालही होता.

हे सगळं बाजूला काढता येत होतं. कायदा खाजगी माहिती देऊ नका म्हणतो, फक्त का दिली नाही ते लिहून द्यावं लागतं. पण एका खाजगी कागदावर आवक क्रमांक होता.

आमचे अव्वल कारकून आप्पा पन्नाशीतले. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पुण्यात नोकरीला. आप्पांनी कुणाला न सांगता स्वतःचा बायोडाटा केला होता आणि संपर्क म्हणून खाली कार्यालयाचा मेल टाकला होता. त्यांना पाठ असलेला मेलचा पत्ता तेवढाच. त्यावर फैजपूरहून उत्तर आलं. एका शिक्षिकेच्या भावाने लिहिलं होतं. बहीण विधवा आहे, सासरच्यांना अजून काही सांगितलेलं नाही, ठरेपर्यंत कृपया बाहेर बोलू नये, असं त्यात होतं.

आमच्या आवकच्या बाई निवृत्तीला आलेल्या. कागद दिसला की नोंद, हा त्यांचा नेम. आप्पांनी छापलेला तो मेल प्रिंटरवरून त्यांच्या हाती लागला. त्यांनी बहिणीच्या आणि भावाच्या पूर्ण नावांसह नोंद केली होती. विषय, सोयरिकीबाबत. कार्यवाही, अव्वल कारकून.

"बाई, हे काय नोंदवायचं होतं का?"

"कार्यालयाच्या पत्त्यावर आलं, मी नोंदवलं. उद्या हरवलं तर तुम्हीच मला विचारणार."

आप्पांना बोलावलं. ते टेबलाशी उभे राहिले आणि त्यांनी रुमाल काढला.

"मॅडम, नाना धुळे–फैजपूर गाडीवर वीस वर्षं होते. तिथलं घर न घर ओळखतात. त्यांनी नाव वाचलं तर संध्याकाळपर्यंत तिच्या सासरी फोन जाईल. मग ती नाहीच म्हणेल."

"मुलीला सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"ठरलं तर सांगणार होतो."

"आणि नाही ठरलं तर?"

आप्पा रुमालाची घडी घालत राहिले.

मूळ नोंदवहीवर काळं करता येत नाही, तो गुन्हा आहे. मी कोऱ्या कागदाची पट्टी कापली, त्या ओळीवर ठेवली आणि दोन्ही बाजूंनी पिना लावल्या. मग नानांचे मेल शोधले. तिन्ही सापडले, तिन्ही न उघडलेले. आवकच्या बाई हातात आलेला प्रत्येक कागद नोंदवतात, पण नानांचे मेल कुणी छापलेच नव्हते. आप्पांच्या सोयरिकीला क्रमांक मिळाला होता आणि नानांच्या रस्त्याला नाही. मी ते तिन्ही मेल छापले आणि गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवले.

तीनला नाना आले. चष्मा पुसून त्यांनी वहीपासून सुरुवात केली. प्रत्येक ओळीवर बोट.

"ताई, सरकारी वहीमा झाकेल काय शे?"

"खाजगी आहे, नाना. एका माणसाचं घरगुती पत्र चुकून नोंदवलं गेलं."

"कागद सरकारना, शाई सरकारनी, मंग खाजगी कसं? माले बठ्ठं दखाडा."

सगळं दाखवा म्हणत होते आणि मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, "कागद आणि शाई सरकारची, हे तुमचं बरोबर. म्हणून खाजगी पानं किती छापली ते मी सहीने लिहून देते. त्यात माझीही आहेत. पण त्या पानांवर काय लिहिलंय ते सरकारचं नाही."

"मंग मना मेल कोठे शेतस?"

मी तीन कागद पुढे केले. "आले होते. आम्ही उघडलेच नाहीत. चूक आमची आहे आणि तेही लिहून देते."

नानांनी तिन्ही कागद वाचले. मग खुर्ची मागे सरकवून असे काही बोलले की बाहेर रांगेतली माणसं आत डोकावली. पाच मिनिटं मी ऐकून घेतलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आप्पा दारात पाणी घेऊन उभे होते, दुसऱ्या हाताने कपाळ पुसत. नाना पाणी प्यायले, आप्पांकडे त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पट्टीकडे बघितलं.

"तुम्हना साहेबले घाम का फुटना इतला थंडीमा?"

मी वही मिटली.

"पट्टीकरता अपील करसू," नाना पिशवी उचलत म्हणाले. "रस्त्याकरता बी करसू. उद्या दोन्ही अर्ज लिसन येस."

ते गेल्यावर आप्पा त्यांच्याच खुर्चीत येऊन बसले. अपील झालं की सुनावणी होणार, वही वरच्या साहेबांसमोर उघडणार, चार कारकून ती बघणार. मी दिलेलं कारण तिथे टिकलं असतं, याची मला खात्री होती. पण टिकेपर्यंत कार्यालयात कुणाच्या तोंडाला मी पट्टी लावणार होते? आणि सगळ्यात आधी पुण्याच्या मुलीला परक्याकडून कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला मी आप्पांना माझ्या खोलीत बसवलं आणि त्यांच्या फोनवर त्यांचा स्वतःचा नवा मेल पत्ता काढून दिला. त्यांचा पासवर्ड त्यांनाच टाकायला लावला, मी तोंड फिरवलं. त्यावरून फैजपूरला दोन ओळी गेल्या, यापुढे कृपया या पत्त्यावर लिहावे. मग म्हटलं, "आता मुलीला लावा."

"आत्ता? ती ऑफिसला निघाली असेल."

"आत्ता. स्पीकरवर नको."

आप्पा पहिली दोन वाक्यं हवामानावर बोलले. मी टेबलावर पेन आपटलं. मग त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि डोळे मिटून घेतले. स्पीकर बंद होता, तरी पलीकडचं हसू मला ऐकू आलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"बायोडाट्यावर फोटो कोणता लावला ते विचारते. ओळखपत्रावरचा लावला असेल तर बदला म्हणते."

"ओळखपत्रावरचाच लावलाय ना?"

आप्पांनी मान हलवली.

त्यांना फोनवर सोडून मी बाहेर आले, आवकच्या बाईंकडून वही घेतली, नानांच्या तिन्ही मेलना क्रमांक टाकले आणि नाना हातात अर्ज घेऊन जिना चढत असताना रस्ता बघायला जाण्यासाठी गाडी मागवली.